बिल स्नायडर : हरणाऱ्या गावात दोनदा गेलेला कोच

पीठगिरणी
क्रिकेट प्रशिक्षकांच्या धाग्यावर मी सहज लिहून गेलो होतो की माझ्या पाहण्यातला सगळ्यात मोठा कोच क्रिकेटचा नाही, आपल्या फुटबॉलचाही नाही, तर अमेरिकन फुटबॉलचा आहे. त्यावर तिघांनी 'वेगळा धागा काढा' म्हणून मला तिथून हुसकावलं. तर हा घ्या धागा.

१९९७ ते ९९ मी कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत ग्रेन सायन्स शिकत होतो. म्हणजे गहू, दळण, मैदा, कोंडा. आयडीवरून कळलंच असेल. गावाचं नाव मॅनहॅटन. आईने शेजारीपाजारी सांगून टाकलं की पोरगा न्यूयॉर्कला चाललाय. प्रत्यक्षात उतरलो ते कॅन्ससच्या फ्लिंट हिल्समध्ये. चहूकडे गवताच्या टेकड्या आणि वाऱ्याला अडवायला एक झाड नाही. गाव स्वतःला कौतुकाने 'लिटल ॲपल' म्हणवतं.

पहिल्याच शनिवारी पाहिलं तर सगळं गाव जांभळं. दुकानदार जांभळे, आज्या जांभळ्या, ट्रकांवर जांभळे झेंडे. मला वाटलं सण आहे. सणच होता म्हणा. गावात जितकी माणसं, जवळपास तितकीच त्या दुपारी स्टेडियममध्ये बसलेली. आणि कडेला एक किडकिडीत, पांढऱ्या केसांचा माणूस, ज्याच्या चेहऱ्यावरची रेघ तीन तासांत हलली नाही. तो बिल स्नायडर.

माझ्या अमेरिकन रूममेटने सांगितलं, "दहा वर्षांपूर्वी आला असतास तर फुकट तिकीट देऊनही कुणी आत गेलं नसतं." मला ती फुशारकी वाटली. नंतर लायब्ररीत जुने अंक चाळले तेव्हा कळलं की गडी कमीच सांगत होता.

१९८८ संपताना कॅन्सस स्टेटचा एकूण हिशेब होता २९९ विजय, ५१० पराभव, ४१ बरोबरी. मोठ्या कॉलेजांत इतकं हरलेलं दुसरं कुणी नव्हतं. आधीच्या २७ सामन्यांत एकही विजय नाही, फक्त एक बरोबरी. ती १९८७ साली शेजारच्या कॅन्सस युनिव्हर्सिटीशी १७-१७. दोघेही इतके रद्दी होते की लोक त्या सामन्याला 'टॉयलेट बोल' म्हणतात. ९० वर्षांच्या इतिहासात हंगामानंतरचा 'बोल' सामना खेळायला मिळाला तो एकदाच, १९८२ मध्ये, आणि तोही हरले. १९८९ मध्ये स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडने तर यांच्यावर मोठा लेखच छापला, देशातला सगळ्यात फुकट गेलेला संघ म्हणून.

अशा ठिकाणी ४९ वर्षांचा एक सहायक कोच आयोवातली चांगली नोकरी सोडून आला. बाकीचं हळूहळू लिहितो, आत्ता गिरणीवर ड्यूटी आहे.

लेगस्पिन
वाचतोय. पण एक मूलभूत शंका. ते हेल्मेट घालून एकमेकांवर आदळतात तोच ना हा खेळ? दर दहा सेकंदांनी थांबतो तो? मला आजवर त्यात काय चाललंय ते कळलेलं नाही.

टेक्सासकर
@लेगस्पिन, एवढं लक्षात ठेवा, पुरे. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्न म्हणजे एक 'डाउन'. चारांत मिळून दहा यार्ड पुढे सरकलात तर नवे चार प्रयत्न. नाही जमलं तर चेंडू समोरच्याकडे. रेष ओलांडून चेंडू नेला की टचडाउन, सहा गुण. थांबतो म्हणता ते बरोबर, पण त्या थांबण्यातच कोचचा खेळ असतो. आपल्याकडे कर्णधार षटकामागे एकदा क्षेत्ररचना बदलतो. इथे कोच दर चेंडूला अख्खा डाव नव्याने मांडतो.

आणि त्या काळी कॉलेजचा कोच म्हणजे एनएफएलसारखा (ती तिथली व्यावसायिक लीग) पगारी खेळाडूंना हुकूम सोडणारा नव्हे. तो १७-१८ वर्षांच्या पोरांच्या घरी जातो, आईच्या हातचं जेवतो, "तुमचा मुलगा माझ्याकडे द्या" म्हणतो. याला रिक्रूटिंग म्हणतात. चार हंगाम झाले की पोरगा जातो, परत नवा शोधा. जो संघ हरतोय त्याच्याकडे चांगला पोरगा येत नाही, आणि चांगला पोरगा नाही म्हणून संघ हरतो. त्या चक्रातून कॅन्सस स्टेट पन्नास वर्षं बाहेर पडत नव्हतं.

आयोवाची सून
अरे वा, स्नायडरवर मराठीत धागा! आमच्या आयोवा सिटीत अजून त्याचं नाव काढतात. तो इथला माणूस, आमचा तेव्हाचा मुख्य कोच हेडन फ्राय याच्या तालमीतला. १९७९ ते ८८ दहा वर्षं त्याच्या हाताखाली. आक्रमणाची सगळी आखणी स्नायडरची. १९८५ ला क्वार्टरबॅक (चेंडू फेकून डाव चालवणारा खेळाडू) चक लाँग हाइजमनमध्ये, म्हणजे कॉलेज फुटबॉलच्या सगळ्यात मानाच्या पुरस्कारात, बो जॅक्सनच्या मागे थोडक्यात दुसरा आला, तो याच्याच शिकवणीतला.

फ्रायचा स्वभाव अगदी उलटा. टेक्ससचा बोलघेवडा गडी, पाहुण्या संघाची चेंजिंग रूम गुलाबी रंगवून ठेवणारा (अजून गुलाबीच आहे, सासरेबुवांनी दाखवली). स्नायडर मात्र मुका. पण फ्रायकडे माणूस पारखायची नजर होती. त्याच्या हाताखालून स्नायडर गेला, बॅरी अल्वारेझ विस्कॉन्सिनला जाऊन तीनदा रोझ बोल जिंकला, कर्क फेरेंट्झ १९९९ पासून आमच्याकडेच. एका घराण्यातले गवई समजा.

पीठगिरणी
@आयोवाची सून, घराणं हा शब्द चपखल. त्याच्याही आधीचा रियाज लांबलचक आहे. जन्म १९३९, सेंट जोसेफ, मिझुरी. आईवडील वेगळे झालेले, आईने दुकानात राबून एका खोलीत वाढवला. शाळांमध्ये कोच, मग ऑस्टिन कॉलेज नावाच्या छोट्या कॉलेजात, जिथे फुटबॉलबरोबर पोहण्याच्या संघाचंही काम त्याच्या गळ्यात. तिथून फ्रायबरोबर नॉर्थ टेक्सस, तिथून आयोवा. कॉलेज फुटबॉलचा मुख्य कोच म्हणून पहिली नोकरी पन्नाशीला टेकताना.

आणि आल्यावर पहिल्यांदा काय म्हणाला? की कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यात मोठा कायापालट घडवायची संधी इथे आहे, आणि ती हलक्यात घेण्यासारखी नाही. पत्रकारांनी मान खाली घालून लिहून घेतलं असेल. मनात हसले असतील.

पहिल्या हंगामात १ विजय, १० पराभव. तो एक विजय मात्र पाहा. ३० सप्टेंबर १९८९, समोर नॉर्थ टेक्सस, म्हणजे त्याचाच जुना संघ. अगदी शेवटच्या चेंडूवर टचडाउन, २०-१७. ३० सामन्यांनंतर पहिला विजय. लोकांनी मैदानात धाव घेतली, जणू विश्वचषकच. पुढच्या वर्षी ५, त्याच्या पुढे ७, मग पुन्हा ५. १९९३ ला ९ विजय आणि कॉपर बोलमध्ये वायोमिंगला ५२-१७. तिथून सलग ११ वर्षं बोल सामना चुकला नाही. १९९७ ते २००३ या सात हंगामांत सहा वेळा ११ विजय.

आकडे संपले. (खोटं बोलतोय, अजून येतील.)

शंकेखोर
धागा छान आहे, पण जरा थंड पाणी ओततो. राष्ट्रीय विजेतेपद किती? शून्य. २७ हंगामांत कॉन्फरन्स, म्हणजे कॉलेजांच्या गटाची आपसातली स्पर्धा, किती वेळा जिंकली? दोनदा, २००३ आणि २०१२. आणि ते ११-११ विजय कुणाविरुद्ध? १९९८ मध्ये इंडियाना स्टेटला ६६-०, नॉर्दर्न इलिनॉयला ७३-७, नॉर्थईस्ट लुइझियानाला ६२-७. लिंबूटिंबू गोळा करायचे आणि धुवायचे. त्या काळी अमेरिकेतही लोक त्याला याच्यावरून टोमणे मारत. हलकेच घ्या, पण 'सगळ्यात मोठा कोच' जरा जास्तच होतंय.

टेक्सासकर
@शंकेखोर, त्याच १९९८ मध्ये आमच्या टेक्ससला ४८-७ मारलं होतं. ते लिंबू की टिंबू तेवढं सांगा. :)

पीठगिरणी
@शंकेखोर, टोमणा खरा आहे, मी नाकारत नाही. सोपे सामने तो मुद्दाम घ्यायचा. पण कारण समजून घ्या. ३० सामने न जिंकलेल्या पोरांना जिंकण्याची सवय लावायची होती. हरायला लागलेला संघ शेवटच्या दहा मिनिटांत आपोआप हरतो, कारण त्याला तेच ठाऊक असतं. पैलवान तयार करताना वस्ताद त्याला पहिल्याच जत्रेत महाराष्ट्र केसरीशी भिडवत नाही. संघ तगडा झाल्यावरही ती सवय सोडली नाही, हा दोष मात्र त्याच्या पदरात घालतो.

खरी करामत वेगळीकडे होती. एक म्हणजे माणसं. मोठ्या शहरांतली नावाजलेली पोरं या गवताळ रानात येईनात, म्हणून याने मोर्चा ज्युनियर कॉलेजांकडे वळवला. (आपली अकरावी-बारावी नव्हे. तिथली दोन वर्षांची कॉलेजं, जिथे मार्क कमी पडलेली किंवा कुणाच्या नजरेत न भरलेली मुलं जातात.) मायकल बिशप टेक्ससच्या ब्लिन कॉलेजातून आला. १९९८ ला हाइजमनमध्ये दुसरा.

दुसरं म्हणजे क्वार्टरबॅकला पळवणं. एरवी क्वार्टरबॅक चेंडू दुसऱ्याच्या हातात देतो आणि बघत उभा राहतो. म्हणजे तुमचे दहा, त्यांचे अकरा. स्नायडर म्हणाला, यालाच पळू दे. बाकीचे दहाही रस्ता मोकळा करतील आणि समोरच्याचा एक माणूस कमी पडेल. आज हे सगळे करतात. नव्वदीत ही गावठी चाल वाटायची. बिशपपासून २०१२ च्या कॉलिन क्लाइनपर्यंत तेच सूत्र.

तिसरं म्हणजे किरकिर. कमी पेनल्टी, किकच्या वेळी चूक नाही, चेंडू हातून सुटायचा नाही. त्याचे १६ नियम भिंतीवर असायचे. निष्ठा, स्वार्थ नको, रोज थोडं सुधारा, पराभव मान्य करू नका वगैरे. वाचलं तर ऑफिसात लावलेल्या सुविचारांसारखं. पण हा माणूस ते स्वतः पाळायचा, दिवसाला १६-१८ तास. दिवसभरात एकदाच जेवायचा, रात्री उशिरा, सगळं आटोपल्यावर. जेवायला वेळ जातो म्हणून!

वैदेही_ठाणे
एकदाच जेवायचा हे वाचून माझ्यातली आहारतज्ज्ञ उठून बसली. हे कौतुकाने सांगायची गोष्ट नाही हो. आणि १८ तास काम करणाऱ्या माणसाच्या घरी कोण काय भोगत असेल ते कुणी विचारत नाही. कोचच्या चरित्रात बायकोमुलांना एक ओळ मिळते, तीही शेवटी.

पीठगिरणी
@वैदेही_ठाणे, मान्य. २००५ ला तो निवृत्त झाला तो घरच्यांना वेळ द्यायचा म्हणूनच. तेव्हा स्टेडियमला त्याचं नाव दिलं : 'बिल स्नायडर फॅमिली फुटबॉल स्टेडियम'. त्यात 'फॅमिली' मुद्दाम घातलेलं आहे. आता ती परतफेड म्हणायची की कबुली, तुम्हीच ठरवा. मुलगा शॉन त्याच्याच संघात पंटर (लाथेने चेंडू लांब उडवणारा) होता, १९९२ ला ऑल-अमेरिकन, म्हणजे देशातल्या निवडक खेळाडूंत, नंतर बापाच्या हाताखाली कोच. म्हणजे मुलाला बाप भेटला, पण मैदानावरच.

कोथरूडकर_काका
इतक्या लांबच्या खेळातलं काही कळत नसूनही सगळे प्रतिसाद वाचले. पीठगिरणी, तुम्ही १९९८ ला तिथे होतात ना? मग ते लिहा की. आकडे नेटवर मिळतात.

पीठगिरणी
काका, लिहितो. थोडं मोठं होईल.

१४ नोव्हेंबर १९९८. समोर नेब्रास्का. नेब्रास्का म्हणजे त्या भागातला दादा. कॅन्सस स्टेट त्यांच्याशी १९६८ नंतर जिंकलेलं नव्हतं. तीस वर्षं! आमचे गाइड प्रोफेसर पन्नाशीचे होते, त्यांनी विद्यार्थी असताना तो जुना विजय रेडिओवर ऐकला होता. त्या दिवशी आम्ही चार देशी पोरं विद्यार्थ्यांच्या स्टँडमध्ये उभी. आत बसत नाही कुणी, चार तास उभंच राहायचं. ४०-३०. शेवटची शिट्टी झाली आणि बांध फुटावा तशी गर्दी मैदानात. मीही धावलो. हातात कुणाचा तरी बूट आला होता, तो कुणाचा ते आजवर कळलेलं नाही.

संघ ११-०, म्हणजे ११ विजय आणि पराभव एकही नाही. कोचेसच्या मतदानात देशात पहिला. दहा वर्षांपूर्वी ज्यांना हसत होते ते.

५ डिसेंबरला सेंट लुइसला बिग ट्वेल्व्हचा, म्हणजे आमच्या कॉन्फरन्सचा, अंतिम सामना, टेक्सस ए अँड एमशी. तिकिटाला पैसे नव्हते. आम्ही अपार्टमेंटमध्ये जमलो, एकाने पोहे केले होते, तेही जांभळा कांदा घालून, म्हणे शकुन. चौथ्या सत्रात २७-१२ ने पुढे. तेवढ्यात बातमी आली की तिकडे मायामीने, राष्ट्रीय अंतिम सामन्याच्या गणितात आपल्या पुढे असलेल्या यूसीएलएला ४९-४५ हरवलं. म्हणजे आपण हा सामना जिंकला की थेट राष्ट्रीय अंतिम सामना, टेनेसीशी. स्टेडियममध्ये ती बातमी पोचली आणि लोक नाचायला लागले. टीव्हीवर दिसत होतं. मी तेव्हा म्हणालो होतो, नाचू नका रे. आजही मित्र म्हणतात की तूच नजर लावलीस.

ए अँड एमने एक एक करत गाठलं. एक मिनिट राहिलं असताना २७-२७. बिशपने शेवटच्या चेंडूला लांब फेकला, तो झेललाही, पण गोलरेषेच्या जरा अलीकडे माणूस पाडला गेला. जादा वेळ. पुन्हा जादा वेळ. आम्ही ३३-३० ने पुढे. त्यांना तिसऱ्या डाउनला सतरा यार्ड हवे होते. सतरा! तिरपा छोटा पास, सर नावाचा पार्कर (होय, त्याचं पहिलं नावच 'सर') तो घेऊन कोपऱ्याकडे सुटला. ३६-३३.

पोहे तसेच राहिले.

पुढे अपमान वेगळाच. देशात तिसरा क्रमांक असूनही मोठ्या चार बोलवाल्यांनी यांना बोलावलंच नाही, कारण लहान गाव, टीव्हीवर कोण बघणार. थेट अलामो बोलमध्ये ढकलले. तिथेही पर्ड्यूकडून हरले, ३७-३४. पुढच्या वर्षी नियम बदलला की तिसऱ्या क्रमांकाला जागा द्यायचीच. लोक त्याला 'कॅन्सस स्टेट नियम' म्हणतात. नियम आमच्यामुळे झाला, फायदा दुसऱ्यांना. आपल्याकडे याला काय म्हणतात ते सगळ्यांना माहीत आहे.

लेगस्पिन
बाप रे. खेळ कळला नाही तरी घशात आलं.

शंकेखोर
@पीठगिरणी, बूट आणि पोहे यांच्यासाठी १०० गुण. मुद्दा सोडत नाही, पण आज वाद घालत नाही.

टेक्सासकर
मी ए अँड एमवाला नाही, तरी माफी मागतो. जाता जाता, या गोष्टीला एक गुरुशिष्याची पुरवणी आहे. बॉब स्टूप्स. आयोवात फ्रायचा खेळाडू, मग १९८९ ते ९५ स्नायडरच्या हाताखाली कोच. १९९९ ला ओक्लाहोमाचा मुख्य कोच झाला. २००० मध्ये कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात गुरूला २७-२४ ने हरवलं आणि राष्ट्रीय विजेता झाला. गुरूला जे मिळालं नाही ते शिष्याला दुसऱ्याच हंगामात.

मग २००३. ओक्लाहोमा १२-०, देशात पहिला, इतिहासातल्या सर्वोत्तम संघांत गणला जाणारा. कॅन्सस सिटीत अंतिम सामना. ओक्लाहोमाने पहिलं टचडाउन केलं, ७-०. त्यानंतर एकही गुण नाही. स्नायडरचे सलग ३५. डॅरेन स्प्रोल्स नावाचा साडेपाच फुटांचा पोरगा २३५ यार्ड पळाला, त्याला धरायला जाणाऱ्यांच्या हातात वाराच लागत होता. कॅन्सस स्टेटला १९३४ नंतर पहिलं कॉन्फरन्स विजेतेपद.

आयोवाची सून
आणि तो परत का आला ते लिहा ना. मला तीच गोष्ट जास्त आवडते.

पीठगिरणी
२००६ ते ०८ दुसरा कोच होता, तीन वर्षांत संघ पुन्हा घसरला. २००८ च्या नोव्हेंबरात ६९ वर्षांच्या म्हाताऱ्याला परत बोलावलं. स्टेडियमला ज्याचं नाव त्यानेच परत येऊन त्यात हरायचा धोका पत्करायचा, हे मला अजून नीट उमगत नाही. पुतळा झाल्यावर माणसाने चौथऱ्यावरून उतरू नये, असं आपल्याकडे म्हटलं असतं.

पण २०१२ ला पुन्हा ११ विजय, पुन्हा देशात पहिला क्रमांक, पुन्हा अगदी दारात जाऊन परत. या वेळी बेलरकडून ५२-२४. मी तेव्हा पुण्यात होतो, पहाटे उठून लॅपटॉपवर बघत होतो. बायको म्हणाली, "परत तेच का?" हो. परत तेच.

२०१५ ला कोच म्हणून काम करत असतानाच हॉल ऑफ फेममध्ये नाव. २०१७ ला घशाचा कर्करोग, उपचार घेऊन त्याच वर्षी पुन्हा मैदानावर. २ डिसेंबर २०१८ ला थांबला, वय ७९. एकूण २१५ विजय, ११७ पराभव, १ बरोबरी.

शेवट मात्र गोड नाही. अखेरच्या सामन्यात आयोवा स्टेटविरुद्ध शेवटच्या सत्रात ३८-२१ ने पुढे असून ४२-३८ ने हरले आणि बोलही हुकला. शेवटची दोनेक वर्षं त्याने थांबावं असं मलाही वाटत होतं. मुलगा शॉन आपल्यामागे कोच व्हावा अशी त्याची इच्छा होती, ती पुरी झाली नाही. ख्रिस क्लीमन आला आणि त्याने २०२२ ला कॉन्फरन्स जिंकली.

शंकेखोर
आता मी गप्प बसणार नाही. २०१७ चं ते प्रकरण तुम्ही सोयीस्कर गाळलंत. एका खेळाडूला दुसरीकडे जायचं होतं. त्याने ३५ कॉलेजांची यादी दिली आणि परवानगी एकालाही नाही. वर याने त्या पोराच्या ड्रग टेस्टचं जाहीर बोलून दाखवलं. पोरांना चार वर्षं फुकट राबवायचं आणि जायचं म्हटलं की दार बंद.

पीठगिरणी
गाळलं, खरं आहे. चुकलाच तो. बोंब झाल्यावर परवानगी दिली, बोलल्याबद्दल माफीही मागितली, पण आधी जे केलं ते केलंच. 'जो आला त्याने टिकायचं' हे त्याचं सूत्र स्वतःला लावलं तर तपश्चर्या, वीस वर्षांच्या पोराला लावलं तर दांडगाई. हा फरक त्याला शेवटपर्यंत कळला असं मला वाटत नाही.

आणि तोच माणूस समोरच्या संघातला एखादा खेळाडू जखमी झाला किंवा छान खेळला की त्याला जांभळ्या शाईने स्वतःच्या हाताने पत्र लिहायचा. सामना हरलेला असला तरी. दोन्ही खरं आहे.

वैदेही_ठाणे
या प्रतिसादासाठी धाग्याला +१. देव करून ठेवला असतात तर मी अर्ध्यात सोडला असता.

लेगस्पिन
पीठगिरणी, बघायला सुरुवात करायची तर कुठला सामना? जुने यूट्यूबवर मिळतात म्हणे.

पीठगिरणी
२००३ चा ओक्लाहोमावाला. डोळे झाकून.

१९९८ चा बघायचाच असेल तर चौथ्या सत्रात २७-१२ दिसलं की लॅपटॉप बंद करा आणि चहा टाकायला उठा. मी तसंच करतो.